अर्ध्या तासाची गोळी

बाळंतिणीच्या घरी जाऊन बाळाकडे ढुंकूनही न बघणारी बाई मी आयुष्यात एकच पाहिली, आणि ती डॉक्टर होती. घरातली आजी दुपट्यात गुंडाळलेलं बाळ पुढे करायची, ‘बगा की बाई, नाक कुणावर गेलंय,’ असं कौतुकाने म्हणायची, आणि आमच्या डॉक्टरीणबाई त्या आजीला वळसा घालून थेट बाजेकडे जायच्या. ‘त्याला बघायला सगळं गाव पडलंय. मी आईची डॉक्टर आहे.’

मुलगा की मुलगी, हेही त्या विचारत नसत. कुणी आपणहून सांगायला लागलं तर हात वर करून थांबवत. रस्त्यात एखादी विचारायची, ‘त्यांच्या घरी काय झालं हो बाई?’ त्यावर बाईंचं उत्तर ठरलेलं असे. ‘सून बाळंत झाली. दुसरं काय होणार?’ मानवतमध्ये यावरून त्यांच्याबद्दल बरंच काही बोललं जायचं. बाई चक्रम आहे, यावर सगळ्यांचं एकमत होतं. पण सून बाळंत झाली की तिसऱ्या दिवशी त्यांनाच बोलावणं धाडायचं, यावरही एकमत होतं.

मी त्यांच्या हाताखाली शिकायला गेले ती होमिओपॅथीची पदवी ताजी ताजी घेऊन. प्रमाणपत्राला प्लास्टिकचं आवरण घालून आणलं होतं. परभणीहून सकाळच्या एसटीने मानवतला पोचले, दवाखाना शोधला आणि ते प्रमाणपत्र बाईंच्या टेबलावर ठेवलं. बाईंनी ते उलटं करून त्यावर गरम काढ्याची वाटी ठेवली. म्हणाल्या, ‘पी.’

दशमुळांचा काढा होता. मी एक घोट घेतला आणि माझे डोळे पांढरे व्हायची वेळ आली.

‘सगळा पी. तुला कळू दे आपण लोकांच्या लेकीसुनांना काय पाजतो ते.’

हा नियम माझ्यापुरता नव्हता. कुठल्याही घरी काढा दिला की पहिली वाटी सासूने प्यायची आणि दुसरी बाळंतिणीने. एकदोन सासवांनी ‘अगं बाई, मला कशाला?’ म्हणून पाहिलं. बाई वाटी हातात धरून समोर उभ्या राहत, दहा मिनिटं, पंधरा मिनिटं, काहीही न बोलता. शेवटी सासू प्यायची. त्यानंतर त्या घरात ‘काढा पिताना तोंड कशाला वाकडं करतीस गं’ हे वाक्य सुनेला ऐकावं लागत नसे.

दवाखाना म्हणजे एक लांबट खोली. एका फळीवर होमिओपॅथीच्या बाटल्यांची लाकडी पेटी, आणि खालच्या फळीवर बिस्किटांचे जुने डबे. त्यांत शतावरी, बाळंतशेपा, मेथ्या, डिंक, ओवा. कॉलेजात आम्हाला शिकवलं होतं की उग्र वासाच्या वस्तू गोळ्यांजवळ ठेवू नयेत. मी पहिल्याच आठवड्यात ते बाईंना ऐकवलं. त्या म्हणाल्या, ‘ज्या पोटात गोळी जाते त्याच पोटात मेथीचा लाडू पण जातो. तिथं ती दोघं काय पडदा लावून बसतात का?’

पण त्याच खोलीत कपाटाच्या दारावर खडूने मोठ्या अक्षरांत लिहिलेलं होतं: रक्त, ताप, झटके, डोकं फिरणं. आणि त्याखाली एकच शब्द: गाडी. ह्या चार गोष्टींना आपल्याकडे औषध नाही, असं बाई प्रत्येकाला बजावून सांगत. बाळंतिणीला ताप आला आणि घरचे म्हणाले, ‘दूध उतरायलंय म्हणून असंल,’ तर बाई एवढ्या संतापत की समोरच्या माणसाने मागे सरावं. ‘ते परभणीचा मोठा डॉक्टर सांगंल. तुमी जीप सांगा.’ गोळ्यांवर त्यांची श्रद्धा होती, पण डोळे मिटून नव्हती. हे मला तेव्हा फारसं कौतुकाचं वाटलं नाही. गोळ्यांनी सगळं बरं होतं, असं मानायचं माझं वय होतं.

त्यांची स्कूटर हा एक वेगळाच विषय. ती माणूस चालतो त्याच वेगाने जायची आणि हॉर्न मात्र बाजारपेठेत शिरल्यापासून बाहेर पडेपर्यंत दाबलेला. पायात पुरुषांचे कॅनव्हासचे बूट, सुती साडी घोट्याच्या वर खोचलेली, आणि पुढे पाय ठेवायच्या जागेवर स्टीलचा मोठा तांब्या. त्या तांब्याची गंमत अशी की आमच्याकडे बाळंतिणीला पाणी कमी द्यायची पद्धत. पोट सुटतं म्हणतात. बाई घरात शिरल्या की आधी तो तांब्या भरून घेत, बाळंतिणीच्या हातात देत आणि ती शेवटचा घोट पिईपर्यंत तिच्याकडे बघत बसत. कुणी ‘पोट सुटंल ना बाई’ म्हटलं, की बाई आपल्याच पोटावर थाप मारून म्हणत, ‘हे बघा. मी तर कधी बाळंत पण झाले नाही.’

आणि आता त्या गोळीबद्दल सांगते, कारण खरं सांगायचं आहे ते तिच्याबद्दलच.

बाळंतिणीची खोली कधी रिकामी नसते. सासू, मावशी, आत्या, शेजारीण, बघायला आलेली शेजारणीची बहीण. प्रत्येकीला आपलं बाळंतपण आठवत असतं, आणि प्रत्येकीची तब्येत त्या वेळी दगडासारखी असते. बाजेवरची पोरगी ऐकून ऐकून अर्धी होते. बाईंनी यावर इलाज काढला होता. पिशवीतून त्या एक निळ्या बुचाची बाटली काढत आणि खोलीतल्या प्रत्येक बाईच्या हातावर एकेक गोळी ठेवत.

‘जिभेखाली ठेवा. अर्धा तास बोलायचं नाही. घरात कुणी बोललं की बाळंतिणीचं औषध लागू पडत नाही.’

त्या गोळीत काहीच नसायचं. नुसती साखर. हे मला माहीत होतं, बाईंना माहीत होतं, बाकी कुणाला नाही. बायका ओठ घट्ट मिटून भिंतीला टेकून बसत. ज्यांचं तोंड देवळातसुद्धा थांबत नसे त्या डोळ्यांनी एकमेकींना खुणा करत, पण बोलत नसत. त्या शांततेत बाई बाळंतिणीशेजारी बसत आणि हळू आवाजात विचारत, ‘हं. आता सांग.’

आणि पोरी सांगत. एक एकोणीस वर्षांची पोरगी पाच दिवस नुसती रडत होती, जेवत नव्हती. घरच्यांचं मीठमोहऱ्या ओवाळून झालं, कुणी अंगारा आणला. त्या अर्ध्या तासात ती बाईंच्या कानाशी लागून म्हणाली, ‘मालिश करताना, अंगुळ घालताना सगळ्या बघत उभ्या राहत्यात. मला लाज वाटतीय.’ एवढंच. बाईंनी बाहेर येऊन फर्मान काढलं की न्हाणीत तिच्याबरोबर मालिश करणारी एकटीच जाईल, आणि दार आतून लावलं जाईल. तिसऱ्या दिवशी पोरगी भाकरी मागून खायला लागली. सासू मला म्हणाली, ‘काय जबर गोळी हाय हो तुमच्या बाईंची!’ मला हसू आवरेना.

बाईंचे यजमान निवृत्त मास्तर होते आणि मुलखाचे अबोल. दवाखान्याच्या पायरीवर वर्तमानपत्र वाचत बसत. ही गोळी त्यांना लग्नातच दिलेली आहे, असा गावात विनोद होता. मी तो एकदा धीर करून मास्तरांना सांगितला. त्यांनी वर्तमानपत्र खाली केलं, विचार केला आणि म्हणाले, ‘दोन दिल्या असतील.’ त्या वर्षभरात त्यांनी माझ्याशी बोललेलं हे सगळ्यात लांब वाक्य.

मी बाईंकडे काम करायला लागून आठएक महिने झाले असतील. थंडीचे दिवस होते. एका व्यापाऱ्याच्या घरून बोलावणं आलं. सुनेचं दुसरं बाळंतपण, नववा दिवस. रीतीप्रमाणे ती माहेरी जायची, पण तिच्या माहेरचं अख्खं घर ऊसतोडीला गेलेलं. सोनपेठकडच्या एका खेड्यातली माणसं ती. मग तिची आईच फड सोडून लेकीच्या सासरी आली होती. काळीसावळी, वाळलेली बाई, हातांना उसाच्या पाचटाने पडलेले चरे. श्रीमंत व्याह्यांच्या घरात ती उंबऱ्याच्या आत अर्धी आणि बाहेर अर्धी, अशी बसली होती. पदराने ओले हात पुसत होती.

खोलीत शेगडी पेटलेली, ओव्याशेपाचा धूर कोंडलेला. सासू, तिची बहीण आणि शेजारची एक काकू तिघी एकदम बोलायला लागल्या. सून दूध नीट पाजत नाही. सून उठत नाही. आजकालच्या पोरींना सोसत नाही. बाईंनी शेगडी बाहेर न्यायला लावली, खिडकी उघडली आणि निळ्या बुचाची बाटली काढली. सासूला एक, बहिणीला एक, काकूला एक. मग उंबऱ्याकडे वळून चौथी त्या आईच्या हातावर ठेवली.

आई काहीतरी म्हणायला पुढे झाली. ‘बाई, मला जरा...’

बाईंनी ओठांवर बोट ठेवलं. ‘अर्ध्या तासानं. लेक बरी व्हायला पाहिजे ना?’

आईने गोळी जिभेखाली ठेवली आणि मागे सरकली.

बाई सुनेजवळ बसल्या. सून पांढरी पडली होती. पण नऊ दिवसांची बाळंतीण, त्यात धुराने कोंडलेली खोली. नाडी जलद होती. बाई मला म्हणाल्या, ‘शेगडीनं जीव घाबरलाय.’ मलाही तेच वाटलं. सूनबाई सगळ्याला एकच उत्तर देत होती, ‘बरं हाय.’ दुखतं का? ‘न्हाई, बरं हाय.’ अंगावरून जातं का? तिने दाराकडे, सासूकडे पाहिलं. ‘जातंय थोडं. बरं हाय.’ बाईंनी तिला तांब्याभर पाणी पाजलं, केसांवरून हात फिरवला, हळूहळू बोलत राहिल्या. त्यांना वाटत होतं, शांतता मिळाली की ही बोलेल. दरवेळी तसंच व्हायचं.

मी उंबऱ्याकडे बघत होते. ती आई दोनदा उठली. एकदा अगदी बाजेपर्यंत आली. तोंड उघडलं, आणि पुन्हा हाताने तोंड दाबून मागे गेली. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. मला वाटलं, लेकीचा जीव बघून रडतेय. मी काही केलं नाही. हे मला लिहिताना आजही लाज वाटते.

अर्धा तास झाला. बाई उठल्या, पिशवी उचलली. तेव्हा ती आई पुढे आली आणि परवानगी मागावी तशी म्हणाली, ‘आता बोलू का?’

‘बोला की.’

‘लेकीच्या अंगावरून लय जायलंय हो, बाई. पहाटंपासून सात फडकी धुतली म्या. गाठी पडायल्यात. ती म्हणती कुणाला सांगू नगं, सासू म्हणंल थेरं करती. तुमी यायची वाटच बघायले होते.’

बाईंनी एका झटक्यात पांघरूण वर केलं. खालची गोधडी भिजली होती.

त्यानंतर बाईंचा जो आवाज निघाला तो मी पुन्हा कधी ऐकला नाही. ‘गाडी!’ त्या एवढंच ओरडल्या. दारातच व्यापाऱ्याची जीप होती. मागच्या सीटवर सुनेला आडवं केलं, पायांखाली उशा दिल्या. बाई तिचं पोट दाबून, चोळून धरत होत्या आणि मी नाडी धरून बसले होते. बोटांना ती मधूनच सापडेना. आई पुढे बसली होती. बाई सबंध रस्ता एकच बोलत होत्या, ‘कसं विचारलं नाही मी. उंबऱ्यातच बसली होती ती.’

परभणीला दवाखान्यात तिला आत नेलं. बाळामागून पडायला हवी त्या वारेचा तुकडा आतमध्ये राहिला होता. दोन बाटल्या रक्त चढवलं. आत नेतानाच तिथल्या तरुण डॉक्टरने कागद पुढे घेऊन विचारलं, कधीपासून जातंय, काय काय केलं. बाईंनी सगळं सांगितलं आणि शेवटी म्हणाल्या, ‘आणि अर्धा तास माझ्यामुळं गेला. आईला माहीत होतं, मी तिला बोलू दिलं नाही. लिहा.’

तो म्हणाला, ‘मॅडम, असं काही लिहायची जागा नसते यात.’

‘मग कडेला लिहा.’

त्याने लिहिलं नाही. बाई तिथल्या बाकावर संध्याकाळपर्यंत बसून राहिल्या. सून वाचली, हे कळल्यावर त्या पहिल्यांदा रडल्या, पदर तोंडावर घेऊन, लहान मुलीसारख्या. मी त्यांच्या शेजारी बसले होते आणि मला त्या वेळी त्या जेवढ्या आवडल्या तेवढ्या कधीच आवडल्या नव्हत्या.

पुढे निळ्या बुचाची बाटली पिशवीतून गेली. आता बाळंतिणीच्या खोलीत चार बायका एकदम बोलायच्या आणि बाई हातात वही घेऊन एकेकीचं लिहून घ्यायच्या. फार वाईट श्रोत्या होत्या त्या. मधेच ‘हं, पुढं’ म्हणत घड्याळ बघायच्या, चिडायच्या आणि स्वतःच दात आवळून पुन्हा ऐकायला लागायच्या. उंबऱ्यावर कुणी बसलं असेल तर मात्र तिला आधी विचारत. ‘तुमी कोण? तुमचं काय म्हणणं?’ मोलकरीण असली तरी.

पण एवढ्याने त्यांचं समाधान होत नव्हतं. ती आई परभणीहूनच परत फडावर गेली होती, लेक धोक्याबाहेर आल्याच्या दुसऱ्या दिवशी. बाईंना तिच्याशी बोलायचं होतं. दर आठ-पंधरा दिवसांनी त्या व्यापाऱ्याच्या घरी चौकशी करत, माणसं परत आली का म्हणून. उन्हाळ्यात तोड संपली, टोळ्या गावी आल्या, आणि एका सकाळी बाई मला म्हणाल्या, ‘चल. सोनपेठला जायचं.’

एसटीने सोनपेठ, तिथून भरलेल्या ऑटोत खेड्यापर्यंत. गोदेच्या काठाकडचं गाव, ऊन मी म्हणत होतं. पत्र्याच्या दोन खोल्यांपुढे ती बाई धान्य वाळवत होती. आम्हाला पाहिलं आणि तिच्या हातातलं सूप खाली पडलं.

‘लेक बरी हाय नव्हं?’

‘बरी आहे, बरी आहे,’ बाई घाईने म्हणाल्या. ‘दोन लेकरांमागं पळायलीय. मी तुमच्याकडं आले.’

तिने आम्हाला सावलीला बसवलं, पाणी दिलं, गुळाचा खडा दिला. बाईंचा चेहरा मी कधी एवढा गोंधळलेला पाहिला नव्हता. वर्षानुवर्षं लोकांच्या सासवांना दटावणारी ही बाई गुळाचा खडा हातात घेऊन शब्द शोधत होती.

‘मावशी, त्या दिवशी माझं चुकलं. तुमी सांगायला आलात, मी तुमाला गप बसवलं. लेकीच्या जिवावर बेतलं होतं. मला माफ करा.’

मावशीने दोन्ही कानांना हात लावले.

‘असं काय म्हणायल्यात बाई? तुमच्या त्या गोळीनंच लेक वाचली की माझी! म्या एक सबुद बोलले न्हाई. जीव तुटायला लागला, पण न्हाई बोलले. म्हणलं, आपुन बोललो तर लेकीला औषिद लागायचं न्हाई. सगळ्या फडावर सांगितलं म्या, अशी गोळी हाय म्हणून.’

बाईंचा चेहरा उतरला. माफी मागायला आल्या होत्या आणि इथे त्यांचे उपकार मानले जात होते. क्षणभर मला वाटलं, हे असंच राहू द्यावं. बिचारीचा विश्वास आहे, राहू दे. मी बाईंच्या हाताला हात लावून तसं सुचवलंही. बाईंनी माझा हात बाजूला केला.

‘मावशी, ती गोळी नव्हती. साखर होती नुसती. बायकांची तोंडं बंद करायला देत होते मी. तिनं काही होत नाही.’

‘मग लेक कशानं वाचली?’

‘तुमी बोललात म्हणून. त्या घरात इतकी माणसं होती, दोन डॉक्टर होत्या. फडकी फक्त तुमी मोजली होती. तुमी सांगितलं नसतं तर मी पिशवी उचलून घरी गेले असते, आणि लेक गेली असती. तुमच्या बोलण्यानं वाचली ती.’

धान्यावर चिमण्या उतरल्या होत्या, त्या मावशीने हाकलल्या नाहीत. मग ‘माझ्या बोलण्यानं?’ असं तिने एकदा विचारलं, आणि बाईंनी मान हलवल्यावर पुन्हा एकदा, स्वतःशीच.

मग ती उठली. घरामागे गेली आणि आपल्या नवऱ्याला हाक मारत सुटली. ‘अवं, इकडं या. आदी इकडं या म्हणलं ना!’ तो हातातलं काम टाकून, धोतराला हात पुसत आला. मागोमाग दीर आला, जाऊ आली, पलीकडच्या घरातली म्हातारी काठी टेकत आली. मावशीने सगळ्यांना सावलीत बसवलं आणि स्वतः बाईंच्या शेजारी ताठ उभी राहिली.

‘बाई,’ ती म्हणाली, ‘ते आत्ता काय म्हणलात ते ह्या सगळ्यांपुढं एकदा म्हणा.’

बाईंनी हातातला गुळाचा खडा माझ्याकडे दिला आणि उभ्या राहून, मोठ्या आवाजात, पहिल्यापासून सांगायला सुरुवात केली.